उघड्यावरचा भाव

मंद्रूपच्या बाजारात येडू बंडगराला न ओळखणारा माणूस सापडणं अवघड, आणि येडूच्या तोंडून कधी भावाचा आकडा ऐकलेला माणूस सापडणं त्याहून अवघड. येडू हा शेळ्या-मेंढ्यांचा हेडी. म्हणजे विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून द्यायची, सौदा जमवायचा आणि दोन्हीकडून थोडी थोडी दलाली घ्यायची, हा त्याचा धंदा. गडी तसा बोलघेवडा. पावसापासून पुढाऱ्यांपर्यंत कशावरही विचारा, तो समोरच्याचा चहा गार होईस्तोवर बोलेल. पण भावाची वेळ आली की याच्या तोंडाला कुलूप. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, आपल्या आणि समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून सौदा करायचा. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, हे ज्याला जनावर बघून कळत नाही त्यानं बाजारात येऊच नये. वर दोघांचे चेहरे कीर्तनाला बसल्यासारखे शांत आणि खाली बोटांची नुसती झोंबाझोंबी. बाजूच्या माणसाला काडीचं कळत नाही. सौदा जमला की टॉवेल झटकायचा आणि परत खांद्यावर.

बापानं त्याला हे शिकवलं तेव्हा एकच गोष्ट बजावली होती, की भाव तोंडानं बोलायचा नाही. का, ते येडूला पुढं स्वतःलाच उमगलं. दवाखान्यासाठी म्हणा, पोरीच्या लग्नासाठी म्हणा, अडलेला माणूस जनावर स्वस्तात देऊन टाकतो. ते त्या दोन हातांना कळलं तेवढं पुरे, साऱ्या गावाला कशाला दिसायला पाहिजे? येडू टॉवेल टाकायचा तो माणसाची अब्रू झाकायला. लोक हेड्यांना लबाड म्हणतात, आणि खरं सांगायचं तर बरेचसे असतातही, पण येडूनं त्या टॉवेलाखाली कुणाला फसवलं असं कुणी म्हणणार नाही.

अशा माणसावर वयाच्या पन्नाशीत कॉम्प्युटर शिकायची पाळी आली, आणि ती आणली त्याच्याच बायकोनं.

केराबाईनं गावातल्या बायकांचा शेळीपालन गट काढला. आधी सगळ्यांनी चेष्टा केली, त्यात येडू सगळ्यांत पुढं. पण बायका चिवट निघाल्या. शेळ्या वाढल्या, सरकारी योजनेतून गटाला एक लॅपटॉप मिळाला, आणि एका बैठकीत असं ठरलं की इथून पुढं गटाचा माल उघड्या भावानं विकायचा. जनावराचा फोटो, वजन आणि किंमत मोबाईलवर टाकायची, ज्याला पटेल त्यानं यावं आणि न्यावं. म्हणजे हेड्याचं काम संपलं. हे येडूला त्याच्याच घरात, त्याच्याच ताटात भाकरी वाढताना सांगण्यात आलं. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. केराबाईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि बाकीचंही सांगून टाकलं. गटाला एक व्यवस्थापक लागणार होता. पगारी. पण त्याच्याकडं कॉम्प्युटर आणि व्यवसायाच्या कोर्सचं सर्टिफिकेट पाहिजे, अशी त्या योजनेची अट होती. बायकांचं म्हणणं पडलं, की येडूभावजी पास झाले तर तेच, नाहीतर करमाळ्याकडचा एक शिकलेला माणूस यायला तयार आहे.

येडू एवढंच म्हणाला, की बायकोच्या हाताखाली काम करायचं राहिलं होतं तेवढं बघतो. पण रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत होता. बाजार सोडला तर आपल्याला दुसरं काहीच येत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. घरी बसलेला हेडी कसा दिसतो तेही त्यानं पाहिलं होतं. पारावर बसतो, आणि दुसऱ्यांच्या जनावरांचे दात मोजत राहतो.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ, शाळेचे गणवेश विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर हा मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. शिकवायला माहेनूर मॅडम होत्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस, आवाज मऊ, पण वर्गात मोबाईल वाजला तर नजर अशी टाकायच्या की फोन आपोआप गप्प व्हावा. वर्गात शेंगाचटणीचा घरगुती धंदा करणाऱ्या दोन जावा होत्या, एक पन्नाशीतले शिंपी होते, बँकेतून निवृत्त झालेले एक शिपाई होते. येडू पहिल्या दिवशी चप्पल बाहेर काढून, हात जोडून आत शिरला आणि कॉम्प्युटरकडं बघून म्हणाला, "जनावर बरं हाय, पण दात कुटं बघायचं?" त्या दिवसापासून तो वर्गाचा लाडका झाला.

माहेनूर त्याला मामा म्हणायची. मामा शिकायला मात्र वाईट नव्हते. माऊस त्यांच्या हातात दोन दिवसांत बसला, कारण बोटांचं काम. अक्षरं शोधायला वेळ लागायचा, पण एकदा कळ सापडली की विसरायचे नाहीत. जमाखर्चाचा तक्ता, ग्राहकाशी कसं बोलायचं, नफा कशाला म्हणायचं, सगळं त्यांनी नीट ऐकलं. गाडी अडायची ती एकाच ठिकाणी. तक्त्यात जनावराचं वय भरायचे, रंग भरायचे, वजन भरायचे आणि 'किंमत' असं लिहिलेला रकाना आला की तो रिकामा सोडून पुढच्या ओळीवर जायचे. मॅडमनी विचारलं, मामा, इथं आकडा का नाही? तर म्हणाले, हाय की, मनात हाय. मॅडम हसल्या, पण रकाना काही भरला नाही.

मग एक दिवस पासवर्डचा धडा आला. येडूनं कळा दाबल्या आणि पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते काळे ठिपके उमटले. तो बघतच राहिला. शेजारच्या शिंप्याला कोपरानं ढोसून त्यानं ते दाखवलं. त्याला म्हणायचं होतं, की बघा, या यंत्राला अक्कल आहे, यानंही वरून टॉवेल टाकला. त्यानं लगेच मॅडमना विनंती केली की माझा किमतीचा रकानाही असाच ठिपक्यांचा करून द्या. माहेनूरनं खूप समजावलं, की मामा, गिऱ्हाइकाला किंमत दिसली नाही तर तो येणार कसा? येडूनं मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, पोरगी जीव तोडून सांगते आहे म्हणून.

परीक्षेला बाहेरून उदयसिंह सर आले. शिस्तीचे, इस्त्रीचे, नियमाला धरून चालणारे गृहस्थ. त्यांच्यात वाईट काही नव्हतं, फक्त त्यांनी आयुष्यात कधी शेळी विकली नव्हती. पेपरात दहा वस्तूंचा तक्ता करून किमती भरायच्या होत्या. येडूनं किंमत सोडून बाकीचे सगळे रकाने झरझर भरले. मग तो थांबला. किंमत भरली नाही तर नापास, आणि नापास म्हणजे करमाळ्याचा माणूस. त्यानं डोळे मिटले, खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर आणि कीबोर्डवर टाकला आणि त्याच्या आडोशानं एकेक आकडा दाबायला सुरुवात केली. पडद्यावर आकडे सगळ्यांना दिसतच होते, पण ते त्याच्या गावीही नव्हतं. बोटं झाकलेली होती म्हणून ती चालत होती, एवढंच त्याला कळत होतं.

उदयसिंह सरांना मात्र दिसलं ते असं, की एक उमेदवार डोळे मिटून काहीतरी पुटपुटतोय आणि त्याचा हात फडक्याखाली आहे. ते मागून आले आणि त्यांनी टॉवेल खेचला.

खाली काहीच नव्हतं. ना चिठ्ठी, ना मोबाईल. नुसता एक सावळा, बोटांच्या पेरांवर घट्टे पडलेला हात. पण सरांचं म्हणणं, परीक्षेत हात झाकणं हाच गैरप्रकार. त्यांनी पेपर रद्द केला. माहेनूर मध्ये पडली, तर तिलाही त्यांनी नियमाचा कागद दाखवला.

बाजारात चालू सौद्यावरचा टॉवेल ओढणं म्हणजे भर रस्त्यात माणसाचं धोतर ओढण्यासारखं. त्यावरून डोकी फुटलेली येडूनं पाहिली होती. पण तो भांडला नाही. त्यानं टॉवेल उचलला, घडी केली, चपला घातल्या आणि एसटी धरली. विजापूर रस्त्यानं गाडी जात होती तेव्हा शेजारच्यानं त्याला तंबाखू विचारली, आणि येडूसारखा माणूस त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

घरी केराबाईला सगळं आधीच कळलं होतं, माहेनूरचे दोन फोन येऊन गेले होते. पहिल्या फोनवर केराबाईनं तिला सगळा उलगडा करून सांगितला होता, टॉवेल कशासाठी आणि बोटं कशासाठी. माहेनूरनं तो उदयसिंह सरांना सांगितला, आणि खूप गळ घातल्यावर सर एवढ्यावर आले, की नाहीतरी कोर्सचं एक प्रात्यक्षिक बाकी आहे. ते मी स्वतः मंद्रूपला येऊन घेईन, आणि त्यात उमेदवार पास झाला तर रद्द केलेला पेपरही धरीन. खरं गिऱ्हाईक, खरा माल. उमेदवारानं चार माणसांत किंमत तोंडानं सांगायची, विक्रीची नोंद लॅपटॉपवर करायची. टॉवेल दिसला की नापास.

"मला न्हाय जमायचं," येडू म्हणाला. "त्या करमाळ्याच्या माणसाला बोलवा. अगं, अडल्यानडल्याचा भाव चव्हाट्यावर मांडायचा? ते फडकं हाय म्हणून गरिबाची लाज ऱ्हाती."

केराबाई चुलीपाशी बसली होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग बोलली.

"तुमचं खरं हाय. पर त्या फडक्याखाली बाईचा हात कदी गेलाय का? शेळी आमी वाढवायची, बाळतपण आमी करायचं, रातचं लांडगं आमी हाकलायचं. आन तिचा भाव तुमा दोन बाप्यांच्या बोटात. मी शेजारी उभी असायची. मला कदी कळलं न्हाई, माजं बोकड केवढ्याला गेलं. तुमी हातावर ठेवलं ते मी घेतलं."

येडूनं तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिनं पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं, आणि त्याच्या मनात ते एकदाही आलं नव्हतं. तो जेवला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी समाजमंदिरापुढं गटाच्या सगळ्या बायका जमल्या. खुर्च्या दोनच मिळाल्या, एक सरांना, एक माहेनूरला. विकायचं ते केराबाईचं बोकड, काळंभोर, कानावर पांढरा ठिपका, ईदसाठी जिवापाड वाढवलेलं. येडूनं खांदा रिकामा ठेवला होता. टॉवेल घरी खुंटीला. त्याला उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटत होतं, हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणून आले इमामसाब, सोलापूरचे व्यापारी. येडूचं आणि त्यांचं उभं आयुष्य एकमेकांचे हात धरण्यात गेलेलं. अंधारात हजार हातांतून इमामसाबचा हात ओळखीन, असं येडू म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं. इमामसाबनी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, वजन चाचपलं, आणि सवयीनं आपल्या गळ्यातला रुमाल काढून हात पुढं केला. उदयसिंह सर खाकरले. इमामसाबनी हात मागं घेतला आणि रुमाल खिशात कोंबला.

"बोलो येडू," ते म्हणाले. "क्या लगाते?"

येडूनं तोंड उघडलं. आकडा डोक्यात होता, बोटांत होता. हाताची बोटं आपोआप हलतसुद्धा होती. पण तो तोंडातून निघेना. बायका बघत होत्या. माहेनूरनं ओठांच्या हालचालीनं त्याला धीर दिला. त्याच्या कपाळावर घाम आला, पुसायला टॉवेल नव्हता, त्यानं बाहीनं पुसला. मग तो बाजूला सरकला आणि केराबाईला म्हणाला, "तूच सांग. बोकड तुजं हाय."

केराबाईनं पदर खोचला. तिनं इमामसाबकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं नाही.

"अठरा हजार."

बायकांत कुजबुज झाली. आता इमामसाब निघून जाणार, सर्टिफिकेट गेलं, नोकरी गेली, हे येडूला लख्ख दिसलं. इमामसाबनी बोकडाची पाठ पुन्हा एकदा चाचपली. त्यांनी सतरा म्हणून पाहिलं. केराबाईनं मान हलवली आणि बोकडाच्या गळ्यातली दोरी आपल्या हाताला गुंडाळली.

"ठीक आहे वैनी," इमामसाब म्हणाले. "अठरा. जानवर अच्छा है."

येडू लॅपटॉपपुढं बसला आणि त्यानं किमतीच्या रकान्यात तो आकडा भरला. उघड्या हातानं, सगळ्या बायका खांद्यावरून वाकून बघत असताना. नोंद बरोबर झाली. माहेनूर टाळ्या वाजवायला निघाली होती, पण उदयसिंह सरांनी हात वर केला. ते कठोरपणे बोलले नाहीत, उलट त्यांना ते सांगणं जड जात होतं. ते म्हणाले, की नोंदीचे गुण पूर्ण देतो, पण किंमत उमेदवारानं तोंडानं सांगायची होती, ती त्याच्या पत्नीनं सांगितली. त्या भागाला मला शून्य द्यावं लागेल, आणि शून्य असलं की पास करता येत नाही. त्यांनी गुणांच्या कागदावर शून्य लिहिलं.

माहेनूरनं खाली मान घातली. येडू उठला, लॅपटॉप बंद करण्यासाठी त्यानं हात पुढं केला, आणि तेवढ्यात केराबाईनं त्याला विचारलं.

"अवो, गेल्या ईदला आपलं असलंच काळं बोकड गेलं. ते केवढ्याला दिलं तुमी?"

सगळ्या बायका येडूकडं बघायला लागल्या. इमामसाबनी नजर दुसरीकडं वळवली, कारण त्या सौद्यात दुसरा हात त्यांचा होता. येडूला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. त्यात लबाडी काही नव्हती. दोन जुन्या मित्रांची बोटं एकमेकांना ओळखत होती. इतकं दाबलं की इतकं सुटायचं, दरवर्षी तसंच. जास्त मागता येतं हे त्याच्या बोटांना कधी सुचलंच नव्हतं, कारण टॉवेलाखाली तिसरं कुणी नव्हतं. तो गप्प राहू शकला असता. नाहीतरी तो नापासच होता, आता त्याला कुणी काय करणार होतं? पण केराबाई उत्तराची वाट बघत उभी होती, ती बाजारात त्याच्या शेजारी इतकी वर्षं उभी राहिली होती तशीच, दोरी हातात धरून. येडूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चौदा," तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला, म्हणून त्यानं घसा साफ केला आणि पुन्हा, समाजमंदिरापुढच्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाला, "चौदा हजार. गेल्या साली तुजं बोकड म्या चौदा हजाराला दिलं."

चार हजारांचा फरक म्हणजे काय, हे केराबाईला कुणी सांगायला नको होतं. मग ती उदयसिंह सरांकडं वळली.

"सायेब, आता बोलले की हे. समद्यांम्होरं बोलले. न्हाय म्हनायला तुमाला तोंड हाय का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग त्यांनी पेन पुन्हा उघडलं आणि कागदावरचं शून्य खोडलं.

बायका एकदम बोलायला लागल्या. इमामसाब येडूच्या जवळ आले आणि सवयीनं त्यांनी त्याचा हात हातात घेतला, पण काही दाबलं नाही, नुसता धरून ठेवला. केराबाईनं बोकडाची दोरी त्यांच्याकडं दिली, बोकडाच्या कपाळावरून एकदा हात फिरवला, आणि घराकडं जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "उद्या सकाळी कामावर या. आन पुढच्या ईदचा भाव आदी मला इचारा."